शीतल पावरा आणि गेमवाल्यांची युनियन

शीतल पावरा माझ्या शेजारच्या खुर्चीवर पहिल्यांदा बसली तेव्हा आधी तिनं चपला काढून टेबलाखाली नीट जोडून ठेवल्या. मग मला विचारलं, "ताई, इथं मोठ्यानं बोललं तर चालतं का?" मी म्हटलं, चालतं. ती म्हणाली, "बरं." आणि पुढचे दोन महिने ती काही बोललीच नाही.

जळगावला महामार्गालगत, टाइल्सच्या एका शोरूमच्या वरच्या दोन मजल्यांवर आमची कंपनी आहे. तिचं इंग्रजी नाव पाटीवरच राहिलं. रिक्षावाले तिला 'गेमवाली कंपनी' म्हणतात. आम्ही गेम बनवत नाही. परदेशातले स्टुडिओ गेम बनवतात आणि बाजारात आणण्याआधी तपासायला आमच्याकडे पाठवतात. आम्ही टेस्टर. म्हणजे खेळायचं, पण जिंकायला नाही, बिघाड शोधायला. घोडा उलटा चालतो, पुलावरून जाणारा माणूस मधेच नदीत पडतो, किल्ली असूनही दार उघडत नाही. असा दोष सापडला की तो कसा घडला ते लिहून कळवायचं. माझे आबा रावेरजवळच्या आमच्या गावी केळी लावतात. "तुले खेयाचा पगार देतात का व?" असं ते मला वर्षभर विचारत राहिले. मग विचारायचं सोडलं, आणि गावात सांगायला लागले की कामिनी कॉम्प्युटरची डॉक्टर आहे.

शीतल शिरपूरच्या उत्तरेकडची, सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका पाड्यावरची. घरी पावसावरची मका आणि ज्वारी, उन्हाळ्यात मोह आणि चारोळी. दिवाळी झाली की आईवडील ऊस तोडायला गुजरातेत बारडोलीकडे जायचे. पोर आश्रमशाळेत वाढली, धुळ्याला कॉम्प्युटरची पदवी घेतली. वसतिगृहात शेवटच्या वर्षी जागा मिळाली नाही, तेव्हा तिथल्याच देवपुरात उखर्डू नाना नावाच्या म्हाताऱ्यांच्या घरी दोन मैत्रिणींबरोबर खोली करून राहिली. आमच्या कंपनीची जाहिरात तिनं तिथंच पाहिली. गेम तिनं त्याआधी फक्त मैत्रिणीच्या मोबाईलवर खेळला होता, तोही मैत्रीण आंघोळीला गेल्यावर.

तिच्या कामाची एक रीत होती. आम्ही बाकीचे गेममध्ये रस्त्यानं जायचो. ती रस्ता सोडून कडेनं जायची. प्रत्येक भिंतीला, प्रत्येक खडकाला अंगानं घासत, धडका देत. कुठंतरी भिंत पोकळ निघायची आणि तिचा माणूस आरपार जाऊन खालच्या निळ्या पोकळीत गडगडायचा. तेव्हा ती हसायची. फक्त तेव्हाच.

"एवढं का धडकतेस गं?" मी एकदा विचारलं.

"बनवणारा रस्त्याकडे बघतो, ताई. कडेकडे कोण बघणार?"

मी तेव्हा आमच्या गटाची प्रमुख होते. प्रमुख म्हणजे पद नव्हे, फक्त दोष मीच गोळा करायचे आणि ओरडा मीच खायचा. आमचे व्यवस्थापक हितेंद्र सर. पारोळ्याचे. माणूस वाईट नव्हता. कुणाच्या घरी आजारपण असलं तर स्वतः गाडी काढून जायचा. पण त्याच्या वर जे कोणी होते ते पुण्यात बसत, त्यांच्याही वरचे आणखी कुठं, आणि वरून शब्द आला की हितेंद्र सरांचा चेहरा बंद व्हायचा.

त्या हिवाळ्यात कॅनडातल्या एका स्टुडिओचा मोठा गेम आमच्याकडे आला. बर्फाळ डोंगर, गढी, जंगल. आधी थोडाच भाग आमच्याकडे होता. बाकीचा त्यांचे स्वतःचे टेस्टर तपासत. त्यांतल्या एकीचं नाव मार्गो. तिनं लिहिलेले दोष आम्हाला दिसायचे. ती फार छान लिहायची. 'लांडगा झाडावर चढून बसला आहे आणि खाली उतरायला तयार नाही. मी त्याची समजूत घातली' असलं काहीतरी. शीतलचं इंग्रजी तेव्हा अडखळतं होतं, पण मार्गोचं लिहिलेलं वाचून वाचून ते सुधारलं. भिंतीतून आरपार पडलेल्या एका दोषाखाली मार्गोनं एकदा लिहिलं, 'जळगावची ही शीतल कोण आहे? हिच्यापुढे एकही भिंत टिकत नाही.' शीतलनं ते मला दाखवलं, परत जाऊन स्वतः वाचलं, पुन्हा दाखवलं.

मग मार्गोचं लिहिणं थांबलं. तिचंच नाही, तिकडच्या सगळ्यांचंच. त्याच आठवड्यात हितेंद्र सरांनी पेढे वाटले. पूर्ण गेम आता आपल्याकडे आला, नवी भरती होणार, जळगावचं नाव होणार. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. गावाकडून शहरात आलेल्या पोरांना काम मिळणार म्हटल्यावर कोण वाजवणार नाही?

शीतल जागेवर येऊन बसली आणि मार्गोचं नाव इंटरनेटवर शोधायला लागली. थोड्या वेळानं तिनं माझ्याकडे स्क्रीन वळवली. मार्गोनं स्वतःच लिहिलं होतं: अकरा वर्षं जिथं काम केलं तिथून आमचा सगळा टेस्टिंग विभाग काढून टाकला, काम बाहेर देणार आहेत.

"बाहेर म्हणजे आपण," शीतल म्हणाली.

मी म्हटलं, "आपण काय केलं त्यात? आपल्याला दिलं, आपण घेतलं."

"हो," ती म्हणाली. पण संध्याकाळी तिनं मार्गोला निरोप पाठवला. मला दाखवून पाठवला, इंग्रजी बरोबर आहे का बघा म्हणून. त्यात माफी नव्हती की रडगाणं नव्हतं. तुमचं काम आता माझ्याकडे आलं आहे, मला हे आज कळलं, मला वाईट वाटलं, एवढंच. शेवटी लिहिलं होतं की लांडगा आता झाडावरून उतरला आहे.

उत्तर चार-पाच दिवसांनी आलं. मार्गोनं लिहिलं, तुझ्यावर राग नाही. आधी आला होता, तुझं वाचून गेला. स्टुडिओत जे प्रोग्रॅमर आणि चित्रकार राहिले आहेत त्यांची युनियन आहे, मी अजून तिच्यातच आहे. मग विचारलं होतं, 'तुमची युनियन आहे का?'

आम्ही दोघी हसलो. युनियन म्हणजे आमच्या डोक्यात एसटीचे कंडक्टर, नाहीतर वीज मंडळ. एअर कंडिशनमध्ये गळ्यात ओळखपत्र लटकवून बसणाऱ्यांची कसली आली युनियन?

होळीच्या आधी भोंगऱ्याचा बाजार भरतो, तेव्हा शीतल मला तिच्या घरी घेऊन गेली. ढोल, पिपाण्या, एकसारखे कपडे घातलेल्या पोरींचे घोळके. दिवसभर फिरून पाय दुखले. दुपारी अंगणात तिची आई नानीबाई भाकरी करत होती आणि शीतल तिला मार्गोची गोष्ट सांगत होती. दोघी पावरी बोलीत बोलत. शीतल मला मराठीत सांगत जाई. नानीबाईनं ऐकून घेतलं, भाकरी उलटली आणि विचारलं, "त्या बाईचा मुकादम आणि तुमचा मुकादम एकच का?"

शीतल म्हणाली, "वर गेलं तर एकच."

मग नानीबाईनं बारडोलीकडची एक हकिकत सांगितली. एका वर्षी त्यांच्या टोळीनं झोपड्यांजवळ पाणी मागितलं, लांबून आणावं लागायचं म्हणून. मुकादम म्हणाला, त्या डांगच्या टोळीला बघा, ते पाणीबिणी मागत नाहीत, तुम्हाला नको असेल तर तुमचा फड त्यांना देतो. टोळीतले पुरुष गप्प बसले. नानीबाई आणि आणखी दोघी जणी डांगवाल्यांच्या झोपड्यांवर गेल्या. भाषा धड कळत नव्हती. त्या बायकांनी सांगितलं, मुकादम आम्हाला म्हणतो की सातपुड्याची टोळी पाणी मागत नाही. दुसऱ्या दिवशी दोन्ही टोळ्यांनी कोयते खाली ठेवले. टँकर आला.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच. दुसऱ्या टोळीत जाऊन बसलं पाहिजे, म्हणते," शीतल म्हणाली. "मुकादम सांगतो ते ऐकायचं नाही, त्यांना विचारायचं."

मे महिन्यात आमची पाळी आली. सकाळी अर्ध्या लोकांची ओळखपत्रं दारावर चालेनात. रखवालदार बिचारा गोंधळला, त्याला वाटलं यंत्र बिघडलं. शेवटी हितेंद्र सर खाली आले आणि जिन्यातच बोलले. गेमचा काही भाग आता आपोआप तपासणी करणाऱ्या प्रोग्रॅमला देणार, काही भाग फिलिपिन्समधल्या मनिलाला जाणार. साठेक जणांचं काम आजपासून बंद, पगार महिनाअखेरीपर्यंतचा. ज्यांचं कार्ड चाललं नाही ते त्यात. माझं चाललं नव्हतं. शीतलचंही नव्हतं.

"सर, गेम बाजारात यायला चार महिने राहिलेत," मी म्हटलं. "आत्ताच तर काम वाढलंय."

"मला माहीत आहे, कामिनी," ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

गावी फोन केला. आबांनी आधी जेवलीस का म्हणून विचारलं. मग म्हणाले, "काम गेलं त गेलं. घरी केयी हायेत ना." त्यांच्या बोलण्यानं मला बरं वाटलं आणि रडूही आलं. माझ्याकडे केळी होती. शीतलकडे काय होतं? बाकीच्यांकडे? धरणगावचा एक मुलगा जिन्याच्या पायरीवर नुसता कार्ड हातात धरून बसला होता.

शीतलच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. "ताई," ती म्हणाली, "धुळ्याला चला. नानांकडे."

उखर्डू नाना म्हणजे तिचे जुने घरमालक. धुळ्याच्या सूतगिरणीत आयुष्य गेलं, तिथल्या युनियनचे बरीच वर्षं चिटणीस. आम्ही आठ-दहा जण एसटीनं गेलो. नाना बनियन आणि लेंगा घालून ओट्यावर बसले होते, कानाला यंत्र. शीतलनं सगळं सांगितलं. त्यांनी एकही प्रश्न न विचारता ऐकलं.

"गेम म्हंजे काय ते माले समजत नही, बेटा," ते म्हणाले. "पण कारखाना माले समजस. ज्यासना कार्ड चालनात, त्या लोके तुमनासंगे शेत का?"

नाना विचारत होते: ज्यांची कार्डं चालली, ते आमच्याबरोबर आहेत का? एकही नव्हता. आम्ही त्यांना बोलावलंच नव्हतं. खरं तर सकाळपासून आमच्यातले काही त्यांच्याशी बोलतही नव्हते.

"मिलमा कायमवाला येगळा आणि बदलीवाला येगळा ऱ्हायनात," नाना म्हणाले. "मालकले तेच पाहिजे व्हतं. ज्या गयात आणि ज्या ऱ्हायनात, बठ्ठा एक पाहिजेत. नहीते इठे येवानं कामच नही." मग घरात वळून त्यांनी सुनेला चहा सांगितला आणि युनियन नोंदवायला काय लागतं ते समजावलं. सात जणांच्या सह्यांनी अर्ज होतो, अध्यक्ष, चिटणीस, घटना म्हणजे युनियनची नियमावली. घटना तर त्यांनी तिथंच सांगायला सुरुवात केली आणि चहा येईपर्यंत चौथ्या कलमापर्यंत पोचले.

परतीच्या एसटीत पारोळ्याजवळ शीतल म्हणाली, "मी चिटणीस होईन. तुम्ही अध्यक्ष व्हा, ताई. तुम्हाला ओरडता येतं."

पुढचे दिवस फार विचित्र गेले. जे कामावर होते त्यांना आम्ही एकेकट्याला भेटलो. कुणाला चहाच्या टपरीवर, कुणाला घरी, कुणाला मेहरूण तलावाच्या काठावर. बरेच घाबरले होते आणि घाबरणं खोटं नव्हतं. एकाच्या लग्नाची बोलणी चालली होती, एकीच्या वडिलांचं ऑपरेशन झालं होतं. शीतल कुणाला समजावत नसे. ती विचारायची, "पुढच्या वेळी तुझं कार्ड चाललं नाही तर मी कुठं असलेली तुला आवडेल?" आणि मग गप्प बसायची. तिला गप्प बसता यायचं, ती तिची ताकद होती. समोरचाच मग बोलायला लागायचा.

निम्म्याहून जास्त लोकांनी सह्या केल्या. कागद नाशिकला नोंदणीला गेले.

इकडे शीतलनं मार्गोला कळवलं होतं. मार्गोनं लिहिलं, मनिलाच्या लोकांना आपण दोघी मिळून लिहू. शोधाशोध करून तिथल्या काही टेस्टरांना निरोप गेला. दोन दिवसांनी एकाचं उत्तर आलं. त्यानं लिहिलं होतं, 'आम्हाला सांगितलं गेलं की जळगावचे लोक स्वतःहून काम सोडून गेले, आणि गेम अडकला आहे म्हणून तुम्ही दोन पाळ्या करा.'

शीतलनं ते आम्हा सगळ्यांना वाचून दाखवलं, टाइल्सच्या शोरूमसमोर उभं राहून. पहिल्यांदाच तिचा आवाज चढलेला मी ऐकला. "आपण सोडून गेलो म्हणे," ती म्हणाली. "आपण."

मग ठिकाणं तीन झाली आणि पत्र एक झालं. स्टुडिओला लिहिलं, तिन्ही ठिकाणच्या टेस्टरांच्या नावानं. गेम बाजारात येईपर्यंत काम आणखी हलवू नका. हलवायचं असेल तर आधी सांगा. काढलेल्यांना आधी परत बोलवा. आणि गेमच्या शेवटी जी नावं येतात त्यांत काम केलेल्या प्रत्येकाचं नाव घाला, काढून टाकलेल्यांचंही. कॅनडातल्या युनियनची स्टुडिओशी करारावर बोलणी चालूच होती; त्यांनी आमचं पत्र त्या टेबलावर ठेवलं. मनिलावाल्यांनी दुसरी पाळी करायला नकार दिला. जळगावात जे कामावर होते त्यांनी ठरलेले आठ तास भरले की कॉम्प्युटर बंद करून उठायला सुरुवात केली. घोषणा नाहीत, दगड नाहीत. संध्याकाळी सहाला सगळे एकदम जिना उतरायचे आणि खाली आम्ही बाकीचे उभे असायचो. रिक्षावाले विचारायचे, आज काही कार्यक्रम आहे का.

एके दिवशी हितेंद्र सर त्या गर्दीत शेवटी उतरले. शीतलपाशी थांबून हळू म्हणाले, "मी सही करू शकत नाही. पण मला जे विचारतील त्याचं मी खोटं उत्तर देणार नाही." आणि गाडीत बसून निघून गेले.

जळगावच्या कामगार कार्यालयात बोलणी लागली. पुण्याहून कंपनीचे वकील आले. त्यांचं म्हणणं, हे कामगार नाहीतच, हे 'असोसिएट' आहेत. बौद्धिक काम करतात. यांना युनियनचा कायदा लागू होत नाही. अधिकारी बाई चष्म्यावरून बघत होत्या. त्यांनी शीतलला विचारलं, "तुम्ही कुणाला कामावर ठेवू शकता का?"

"नाही, मॅडम."

"कुणाची रजा मंजूर करता?"

"नाही."

"मग दिवसभर करता काय?"

शीतलनं खरंच विचार केला. "भिंतींना धडका देतो, मॅडम," ती म्हणाली.

बाई हसल्या. वकीलही हसले, मग त्यांना ते आवडलं नसावं. त्यानंतर हितेंद्र सरांना विचारण्यात आलं की जळगावच्या लोकांनी काम स्वतःहून सोडलं होतं का. ते खुर्चीत सरळ बसले आणि म्हणाले, "नाही. कार्डं आम्ही बंद केली." पुण्याच्या वकिलांनी त्यांच्याकडे वळून बघितलं. सर टेबलाकडे बघत राहिले.

तडजोड व्हायला पावसाळा अर्धा सरला. सगळं मिळालं नाही. साठपैकी निम्म्या जागा परत मिळाल्या. उरलेल्यांना नुकसानभरपाई, आणि पुढच्या भरतीत पहिला हक्क. काम हलवायचं तर तीन महिने आधी युनियनला सांगायचं. गेमच्या शेवटी नावं, सगळ्यांची. कॅनडातही तसंच कलम करारात आलं.

आता परत जाणाऱ्या तीस जणांत कोण, हा प्रश्न होता. कंपनीची इच्छा होती की ते कंपनीनंच ठरवावं. आमची भीती होती की मग आवडते आत जातील. शीतलनं सभेत एकच नियम मांडला: जो आधी लागला तो आधी परत. त्यात भांडण नाही, वशिला नाही. सगळ्यांनी हात वर केले. मीही केला. घरी गेल्यावर हिशेब जुळला तेव्हा मला कळलं. मी जुनी होते, मी आत होते. ती माझ्यानंतर लागली होती. तिचा नंबर रेषेच्या पलीकडे होता.

सकाळी मी तिच्या खोलीवर गेले. ती सामान बांधत होती.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"होतं ना."

"मग दुसरा नियम काढायचास. तू चिटणीस आहेस, तुझ्यामुळं हे झालं. कुणी नाही म्हटलं नसतं."

"म्हणून तर काढला नाही." तिनं चादरीची घडी घातली. "ताई, पहिल्याच वेळी चिटणीसानं स्वतःसाठी जागा केली असती तर दुसऱ्या वेळी कुणी आलं असतं का?" मग ती पिशवीत ठेवत म्हणाली, "वाईट वाटतंय. रात्री रडले. पण ते वेगळं."

ती धुळ्याला नानांच्या घरी पुन्हा खोली घेऊन राहिली. एका क्लासमध्ये पोरांना कॉम्प्युटर शिकवायची. दर रविवारी एसटीनं जळगावला येऊन युनियनची सभा घ्यायची, मागच्या वेळी काय ठरलं होतं ते वाचायची, आणि कुणी उशिरा आलं की नुसती बघायची. मला कामावर जाताना पहिले काही महिने शेजारच्या खुर्चीकडे बघवत नसे. ते मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "मग तिकडे नवीन मुलगी बसवा आणि तिला सभासद करा."

गेम ठरल्यापेक्षा उशिरा बाजारात आला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. तिच्या घरचे त्या वर्षी बारडोलीला उशिरा निघणार होते, म्हणून मी लॅपटॉप घेऊन तिच्या पाड्यावर गेले. ओट्यावर सगळे जमले. गेम खेळायचा नव्हता, फक्त शेवटची नावं बघायची होती. नावं वर सरकत गेली, पुष्कळ वेळ. कॅनडातली, मग मार्गोचं. शीतलनं बोट लावलं, "ही ती." मग जळगाव असं लिहिलेलं आलं आणि त्याखाली आम्ही. कामिनी चौधरी. धरणगावचा तो मुलगा. शीतल पावरा.

नानीबाईला वाचता येत नाही. तिनं विचारलं, "तुझं गेलं का?"

"गेलं, आई."

"पुन्हा लाव."

मी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदाही लावलं. मग नानीबाईनं विचारलं की त्या बाईला, मार्गोला, काम मिळालं का. शीतलनं सांगितलं, त्या स्टुडिओत नाही मिळालं, पण युनियननं तिला आपल्या कचेरीत घेतलंय. नानीबाईनं मान हलवली आणि चहा ठेवायला आत गेली.

शीतलला परत बोलावणं आलं ते पुढच्या उन्हाळ्यात. नवा गेम, नवी भरती, आणि करारातल्या कलमाप्रमाणे पहिल्या आठ जणांत तिचं नाव. हितेंद्र सरांनी स्वतः फोन केला. त्यांची बढती त्या वर्षी झाली नव्हती; का, ते कुणी बोलत नाही. तपासणीचा तो प्रोग्रॅमही आता आमच्या मजल्यावरच चालतो आणि त्यानं न पकडलेले दोष शीतल पकडते. प्रोग्रॅम रस्त्यानं जातो, ती म्हणते.

सगळं मार्गी लागलं असं मी म्हणणार नाही. मनिलावाल्यांची युनियन अजून झालेली नाही. गेमचा धंदा असा आहे की उद्या कुणीतरी कुठंतरी एक बटण दाबेल आणि पुन्हा कार्डं बंद पडतील. पण आता तीन महिने आधी सांगावं लागेल, आणि सांगितल्यावर कुणाला फोन करायचा ते आम्हाला माहीत आहे.

गेल्या महिन्यात धुळ्याला सभा ठेवली होती, नानांच्या ओट्यासमोरच, मांडव घालून. नाना खुर्चीवर बसले होते आणि कुणी घटनेतलं कलम चुकीचं सांगितलं की मागून दुरुस्त करत होते. सभा चालू असताना पाच-सहा मुली मांडवाच्या कडेला येऊन उभ्या राहिल्या. दोंडाईचाच्या होत्या. तिथं एका कचेरीत त्या दिवसभर फोटोंवर खुणा करतात. हा रस्ता, हे झाड, हा माणूस, असं कॉम्प्युटरला शिकवायला. त्यांच्यातली एक, ज्योत्स्ना नावाची, पुढं आली.

"आम्ही गेमवाल्या नाही," ती म्हणाली. "आमचं काम पुढच्या महिन्यात बंद होणार म्हणतात. आम्ही बसलो तर चालेल का?"

शीतल बोलता बोलता थांबली. सतरंजीवर पुढच्या रांगेत मी बसले होते, माझ्या बाजूला धरणगावचा तो मुलगा. तिनं आम्हाला हातानं सरकायची खूण केली.

"या," ती त्यांना म्हणाली. "आधी सांगा, तुमच्यातले ज्यांचं काम राहणार आहे ते कुठं आहेत?"